पेट्रोल सांडलं

जव्हारच्या स्टँडाबाहेर मोगऱ्याच्या टोपल्या दिसू लागल्या की आमच्याकडे उन्हाळा आला असं धरतात. पळसाच्या पानांवर ओलं फडकं, फडक्याखाली मिटलेल्या कळ्या, आणि शेजारी बसलेली बाई दर थोड्या वेळानं बोटं बुडवून पाणी शिंपडत असते. येणारी-जाणारी माणसं वाकतात, ओंजळभर कळ्या उचलून नाकाशी नेतात. मी वाकत नाही. माझ्यापर्यंत मोगऱ्याचा वास एकटा येत नाही. त्याच्या मागोमाग पेट्रोलचा येतो, आणि पेट्रोलच्या मागून आणखी एक, ज्याचं नाव घ्यायचं मी चार वर्षं टाळत आले.

यंदाही मोगरा वेळेवर आला. झाडांना आपल्या घरातलं काही ठाऊक नसतं. माघात छाटणी केली, पाणी तोडलं, पुन्हा दिलं, की ती आपली फुटतात. माणसानं त्यांच्याकडे कोणत्या तोंडानं पाहावं हा माणसाचा प्रश्न.

जामसरच्या वरच्या अंगाला सासऱ्यांच्या वेळची आमची थोडी वरकस, डोंगरउताराची जमीन आहे. पूर्वी तिच्यावर नागली नि वरी व्हायची. मी मोखाड्याच्या पंचायत समितीतून निवृत्त झाले आणि घरात बसवेना म्हणून त्या उतारावर मोगरा लावला. पाहता पाहता पाड्यावरच्या आठ-दहा घरांनी आपापल्या बांधाला लावला. तोडणीला पहाटे जावं लागतं. कळी टपोरी हवी, पण मिटलेली हवी. ऊन लागून उमलली की बाजाराला ती नको असते. बायका कमरेला फडक्याची झोळी बांधून ओळीत वाकत. दव पडलेलं असे. अंगठा आणि पहिलं बोट एवढ्यांचंच काम, पण ते काम इतकं हलकं की कळीच्या देठाला कळूही नये. खालून मोहाच्या फुलांचा गोडूस, किंचित आंबलेला वास यायचा आणि वरून मोगऱ्याचा. त्या तासाभरात कुणी फारसं बोलत नसे. मला ते फार आवडायचं. आयुष्यभर टेबलाशी बसलेल्या बाईला वाटावं की आता कुठे आपण खरं काही करतो आहोत, तसं वाटायचं.

घाई होती ती पुढची. टेम्पो डांबरी सडकेवर सातला यायचा आणि कुणासाठी थांबायचा नाही. आमच्या उतारापासून सडकेपर्यंत मुरमाची कच्ची वाट, दोन ठिकाणी तीव्र उतार, एका ठिकाणी ओहोळ. टेम्पो वर चढायचा नाही आणि डोक्यावरून टोपल्या नेता नेता बायकांच्या माना मोडायच्या. म्हणून मी ती गाडी आणली. जवळच एक रिसॉर्ट बंद पडलं होतं, तिथं पाहुण्यांना सूर्यास्त दाखवायला न्यायची एक पेट्रोलवरची छोटी गाडी पडून होती. गोल्फच्या मैदानावर असते तशी: पुढं दोघांची बैठक, वर छप्पर, मागं सामान ठेवायला फळी. दारं नाहीत. रंग हिरवा. चढावर ती अशी उड्या घेत जायची की पाड्यावरच्या पोरांनी तिचं नाव बेडकी ठेवलं, आणि मग तेच नाव पडलं.

बेडकी आली, पण चालवणार कोण? तेव्हा चंगुणानं लहानूचं नाव काढलं.

चंगुणा म्हणजे पाड्यावरचीच सून, तोडणीत सगळ्यांत हलक्या हाताची. वय तिशीच्या आत. माहेर वांगणीचं, वावरच्या पुढचं. रस्ता असा की पावसाळ्यात जीपवाले नाव ऐकूनच मान फिरवतात. लहानू तिच्याच गावचा. साठीला टेकलेला, वाळलेला, ताठ. गावातली माणसं कामाला बाहेर जातात तसा तोही गेला होता, पण वीटभट्टीवर नाही. मुंबईच्या बाजूला एका गोल्फच्या मैदानावर वीस वर्षं गवत कापायला होता, आणि त्यातली बरीचशी अशीच गाडी चालवत. वीस वर्षांत एकदाही त्यानं चेंडूला काठी लावली नव्हती. "साहेब लोक मारीत, मी हुडकीत," असं तो सांगायचा.

त्यांच्या बोलीत अहो-जाहो नाही. देवालाही तू आणि बाईलाही तू. 'मला' म्हणायचं तर 'माना'. पहिल्या दिवशी त्यानं बेडकीभोवती एक फेरी मारली, चाकं दाबून पाहिली, वाकून खाली तेल गळतंय का पाहिलं, आणि मला म्हणाला, "बाय, गाडी बेस हाय. पण तू हिला खेळना समजू नको."

मी हसले. चार चाकांची ती हिरवी गंमत, पळणाऱ्या पोरापेक्षा थोडी जास्त वेगानं जाणारी. तिच्यात घाबरण्यासारखं काय होतं?

लहानूचे कायदे हळूहळू कळत गेले. मागच्या फळीवर माणूस बसणार नाही, टोपल्याच. पुढं दोघंच, पाय आत. उतारावर सरळ उतरायचं, आडवं वळायचं नाही, कारण अशी गाडी पुढं पडत नाही, कुशीवर पडते. मागं घ्यायच्या आधी उतरून बघायचं, मागं पोर असतंय. थांबलं की हातब्रेक, मग चावी, आणि चावी खिशात. आणि पेट्रोल. पेट्रोलच्या बाबतीत तो जवळजवळ सोवळं पाळल्यासारखा वागायचा. कॅन खोपीत, म्हणजे बांधावरच्या झोपडीत, ठेवायचा नाही, चुलीपासून लांब ऐनाच्या झाडाच्या सावलीत. भरताना कॅन फळीवर ठेवायचा नाही, भुईवर. आसपास विडी नाही. नरसाळ्याशिवाय ओतायचं नाही. टाकी गळ्यापर्यंत भरायची नाही, उन्हात पेट्रोल फुगतं. सांडलं तर पुसायचं, वास जाईपर्यंत चावीला हात लावायचा नाही. आणि सगळ्याच्या आधी त्याचा तो मंत्र, जो पाड्यावरची पोरंही म्हणू लागली होती: "पहिला बंद, मंग ठंडा, मंग तेल." गाडी चालून आली की धा मिनिटं थांबायचं. त्याच्याकडे घड्याळ नव्हतं. तो सायलेन्सरजवळ तळहात धरून बघायचा, भाकरी भाजली का बघावं तसा.

मला त्या दहा मिनिटांचा राग यायचा. आज ते लिहितानाही लाज वाटते, पण खरं आहे. सगळ्या टोपल्या बांधून तयार, खाली टेम्पोचा हॉर्न ऐकू येतोय, आणि हा माणूस बेडकीशेजारी उकिडवा बसून इंजिन थंड व्हायची वाट बघतोय. एकदा तोडणी संपल्यावर बायका दमून म्हणाल्या, फळीवर बसवून खाली सोड. त्यानं एकेकीला पुढं बसवून सहा खेपा केल्या, पण फळीवर कुणाला बसू दिलं नाही. "लहानू, अरे किती रे वेळखाऊ तू," मी सगळ्यांसमोर म्हणाले. तो म्हणाला, "बाय, तिथं एक माणूस पडला होता. फळीवरना. माझ्यासमोर." एवढंच. मी पुढं विचारलं नाही. कोण पडला, काय झालं, हे विचारायला हवं होतं.

चंगुणाला गाडी शिकायची होती. तिनं ते मला सांगितलं नाही, लहानूला सांगितलं. तिसऱ्या आठवड्यात तो तिला शेजारी बसवून, मग स्वतः शेजारी बसून, सपाटीवर फिरवू लागला. मी लांबून बघायची. पदर खोचलेला, दोन्ही हात चाकावर, जीभ दातांत. वळण नीट बसलं की ती मोठ्यानं हसायची आणि लहानू डोकं हलवायचा, म्हणजे अजून नाही. महिनाभर त्यानं तिला उतारावर नेलं नाही. मग एक दिवस सकाळी स्वतः खाली उतरला आणि म्हणाला, "जा. आता तुझी." ती टोपल्या घेऊन सडकेपर्यंत गेली आणि परत आली. पाड्यावरच्या बायका वाटेच्या कडेला उभ्या होत्या. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, आमच्याकडे तशी रीत नाही, पण एक म्हातारी पुढं होऊन तिच्या तोंडावरून हात फिरवून गेली.

त्या हंगामात लहानू खोपीत राहायचा आणि चंगुणाच्या घरी जेवायचा. तिला माहेर लांब. तिच्या अंगणात रोज संध्याकाळी माहेरचं एक माणूस टेकून बसलेलं असे. लहानूला मूलबाळ नव्हतं. या गोष्टी मला तेव्हाही दिसत होत्या. त्यांची किंमत मला तेव्हा कळत नव्हती.

चैत्रात वांगणीला कुणाचंसं लग्न निघालं आणि लहानू दोन दिवसांसाठी गेला. जाताना चंगुणाला सगळं पुन्हा सांगून गेला. मलाही म्हणाला, "बाय, घाई नको करू." मी म्हटलं, "जा रे बाबा."

दुसऱ्या दिवशी कळी अफाट निघाली. आदल्या दिवशी उकडलं होतं, सगळी झाडं एकदम आली. बेडकीला एक जादा खेप करावी लागली. शेवटची खेप बाकी असताना चंगुणा वर आली, उतरली, हातब्रेक ओढला, चावी काढली आणि म्हणाली, "बाय, तेल संपत आला."

खालून हॉर्न वाजला. मी म्हटलं, "मग घाल ना."

"गरम हाय. थांबू जरा."

"किती?"

"काका बोलतो धा मिनिटं."

पुन्हा हॉर्न. पाच टोपल्या कळ्या समोर होत्या, आणि पूर्वेकडे सूर्य डोंगराच्या वर आला होता. मला अजून आठवतं, मला त्या क्षणी भीती वाटली नाही, राग आला. लहानूचा राग. नसलेल्या माणसाचा. मी ऐनाखालून कॅन उचलून आणला. चंगुणा म्हणाली, "बाय, थांब ना, मी घालते, नरसाळा घेऊन येते." मी म्हटलं, "काही होत नाही." कॅन फळीवर टेकवला, झाकण काढलं आणि तसाच तिरपा केला. भरलेला कॅन जड असतो. पहिला लोट टाकीच्या तोंडात गेला, दुसरा बाहेर. मला पेट्रोल खाली वाहत जाताना दिसलं. दिसलं तेवढ्यात एक मऊ, भला मोठा श्वास सोडल्यासारखा आवाज आला.

ज्वाळा मी नीट पाहिली नाही. मला आठवतो तो धक्का. चंगुणानं मला खांद्यानं ढकललं, मी मागं टोपल्यांवर पडले. कॅनच्या तोंडाशी आग होती. तिनं तो उजव्या हातानं धरला आणि खालच्या मोकळ्या मुरमावर फेकला. तो फेकला नसता तर मी वाचले नसते. तिचा हात कोपरापर्यंत पेटला. मग लांबच्या ओळींतून बायका धावल्या; त्यांनी पाहिला तो फक्त भडका. कुणी माती टाकली, कुणी ओलं गोणपाट तिच्या हाताला गुंडाळलं, कुणी पिण्याच्या पाण्याचा हंडा तिच्या हातावर धरून ठेवला. बेडकीचं छप्पर वितळून थेंब थेंब गळत होतं. माझ्या अंगाखाली चिरडलेल्या कळ्यांचा वास. आणि तिच्या हाताकडून येणारा तो तिसरा वास.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "कसं झालं?"

मी म्हटलं, "गाडी गरम होती. पेट्रोल सांडलं, भडका उडाला."

सांडलं. एवढाच शब्द. त्यात खोटं काही नव्हतं. बत्तीस वर्षं मी कचेरीत पत्रं लिहिली होती, त्यात कुणीच काही करत नसे. कळविण्यात येते. कार्यवाही करण्यात आली. विलंब झाला. आपल्या भाषेत वाक्यातून माणूस किती सहज काढून टाकता येतो! पेट्रोल सांडलं, काच फुटली, फाईल गहाळ झाली. ती काच, ते पेट्रोल, ती फाईल जणू आपल्या मनानं उठून गेली. डॉक्टरांनी मान डोलावली आणि लिहून घेतलं. चंगुणाचा नवरा शेजारी उभा होता. त्यानं ऐकलं. गाडी ती चालवत होती, तेव्हा तेल तिनंच घातलं असणार, हे कुणी कुणाला सांगितलं नाही. ते सगळ्यांना आपोआप समजलं. खाटेवर चंगुणा डोळे मिटून पडली होती. ती जागी आहे हे मला माहीत होतं.

तेव्हा बोलायला हवं होतं. तेव्हा नाही तर संध्याकाळी. दुसऱ्या दिवशी. मी तिच्यासाठी काय केलं नाही? ठाण्याच्या मोठ्या दवाखान्यात नेलं, रात्रंदिवस उशाशी बसले, डबा नेला, केस विंचरले, तिच्या पोरीला माझ्या घरी ठेवलं. एक वाक्य तेवढं बोलले नाही. आणि जे केलं ते जितकं वाढत गेलं, तितकं लोक म्हणू लागले, बाई किती देवमाणूस, चूक चंगुणाची, तरी बघा. मग ते वाक्य आणखीच जड झालं.

लग्नाच्या गावीच लहानू तापानं पडला आणि दोन दिवसांचे तीन आठवडे झाले; तो परतला तेव्हा चंगुणा ठाण्याहून घरी आली होती, हाताला पांढरं बांधलेलं. मी त्या अंगणात होते. तो आला, जळक्या गाडीपाशी आधी जाऊन आला होता. तिच्यासमोर उभा राहिला आणि इतकंच म्हणाला, "धा मिनिटं बोललो होतो ना, पोरी?" तिनं त्याच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. मी तिच्या पोरीच्या केसांना रिबीन बांधत होते. गाठ सुटली म्हणून पुन्हा बांधली.

लहानू म्हणाला, "मीच नीट नाय शिकवला," आणि त्या दिवशी तिथं न जेवता वांगणीला निघून गेला.

मला पुष्कळदा वाटतं, ती का बोलली नाही? भिऊन? नवरा माझ्या बांधावर राबत होता म्हणून? की तिला वाटलं, ही बाई आहे, शिकलेली आहे, ही आत्ता बोलेल, आज नाही तर उद्या, आपण तिच्या तोंडचं का घ्या? मी स्वतःला यातलं शेवटचं उत्तर द्यायचं टाळते.

त्यानंतरचे हंगाम आले आणि गेले. टोपल्या पुन्हा डोक्यावरून जाऊ लागल्या. बेडकीचा सांगाडा ताडपत्रीखाली ऐनाजवळ उभा राहिला. लहानू आला नाही. चंगुणाच्या बोटांची कातडी ओढून आली, ती मिटतात पण पूर्ण उघडत नाहीत; कळी तोडायचं काम तिच्या हातातून गेलं. ती तोडणीला येत नाही. वाटेत भेटली की "बेस हाय ना बाय?" म्हणते. मी "बेस" म्हणते. एवढं.

यंदा तोडणीला पाड्यावरची एक नवी सून येऊ लागली. मागच्या आठवड्यात पहाटे तिनं ताडपत्रीकडे बोट दाखवून शेजारणीला विचारलं, "ता काय हाय?" शेजारीण वर न बघता, कळ्या तोडता तोडता म्हणाली, "गाडी होती. चंगुणानं जाळली." त्यात कुचकेपणा नव्हता. ओहोळ कुठं आहे हे सांगावं तसं तिनं सांगितलं. मी दोन ओळी पलीकडे वाकले होते. मला कळलं की माझं ते वाक्य वाढलं आहे. मी त्यातला माणूस काढून टाकला होता. रिकाम्या जागी लोकांनी चंगुणाला ठेवलं होतं, आणि आता ती तिथंच राहणार होती, आम्ही सगळ्या मेल्यावरही.

दुसऱ्या दिवशी मी जीपनं वांगणीला गेले. शेवटचा टप्पा चालत. रानात जिकडे तिकडे राब भाजायची तयारी होती. पावसाळ्यात भाताची रोपं करायच्या तुकड्यावर पालापाचोळा, फांद्या, शेण पसरून पेटवतात. लहानू आपल्या तुकड्याशी होता. राब पेटला होता आणि तो हातात ओली फांदी घेऊन वाऱ्याच्या बाजूला उभा होता, आग बांधाबाहेर जाऊ नये म्हणून. खूप म्हातारा झाला होता. मला बघून त्याला आनंद झाला, हे मला सहन झालं नाही. मी नमस्कारही न करता बोलले.

"लहानू, पेट्रोल मी ओतलं होतं. चंगुणानं नाही. ती थांब म्हणत होती."

एक ठिणगी बांधावर आली, ती त्यानं फांदीनं दाबली. मग म्हणाला, "मी तिला काय काय बोललो, तुला ठाव हाय?"

"तू काही बोलला नाहीस. मी तिथं होते."

"मंग बोललो. दिवाळीला ती माहेरी आली, तवा. सगळ्यांसमोर. बोललो, तुझ्या हातात चावी दिली ही माझी चूक. बाय मेली असती तर? असा बोललो. तिनं मान खाली घातली. माना वाटला, लाजली."

मला वाटलं होतं तो मला शिव्या देईल. त्यानं दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यानं राब पूर्ण विझेपर्यंत तिथंच उभं राहून वाट पाहिली, राखेवर हात धरून पाहिला, मग घरात जाऊन टोपी घालून आला. "चल," म्हणाला. "माना सांगून काय उपेग? तिला सांग."

आम्ही जामसरला पोचलो तेव्हा दुपार उतरत होती. पुढं लहानू दोन दिवस चंगुणाकडे राहिला, हे मला नंतर कळलं. पण मला सांगायचं आहे ते त्या अंगणातलं.

चंगुणा ओट्यावर बसून वाळलेली नागली गोळा करत होती. सासू होती, शेजारच्या दोघी होत्या, नवरा दोर वळत होता. लहानूला बघून ती उभी राहिली आणि मग काय करावं ते न सुचून तशीच उभी राहिली. मी अंगणाच्या मध्यावर गेले. वाटेत मी पुष्कळ वाक्यं जुळवली होती. त्यातलं एकही आलं नाही.

"त्या दिवशी पेट्रोल मी ओतलं," मी म्हटलं. "चंगुणा थांब म्हणाली. मी ऐकलं नाही. मी तिच्याआधी कॅन उचलला आणि गरम गाडीत ओतला. आग माझ्यामुळे लागली. ती मला वाचवायला गेली. आणि मी हे कुणाला सांगितलं नाही."

दोर वळणारे हात थांबले. सासूनं तोंडावर पदर धरला. लहानू पुढं आला, टोपी काढली, आणि साठी उलटलेला तो माणूस चंगुणासमोर खाली बसला. "पोरी, मी..." एवढंच त्याला बोलता आलं.

चंगुणा त्याला म्हणाली, "काका, तू शिकवला ता मी इसरली नव्हती."

मग तिनं माझ्याकडे पाहिलं. मी वाट पाहत होते. कशाची ते मलाही सांगता येणार नाही. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. नवल होतं.

"बाय," ती म्हणाली, "माना वाटला, तूच इसरलीस."

चार वर्षं मी ते रोज वाहत होते असं मला वाटत होतं. पहाटे उठताना, मोगऱ्याच्या ओळीत वाकताना, तिला वाटेत ओलांडून जाताना. आणि तिच्या लेखी मी ते त्याच दिवशी दवाखान्याच्या दारात टाकून दिलं होतं. माझ्या आतल्या त्या सगळ्या पश्चात्तापाचा तिला कणभरही उपयोग झाला नव्हता. तो तिला दिसलाच नव्हता. मी काही बोलायला तोंड उघडलं, पण ती तोवर घरात गेली होती.

उन्हातून आलेल्या माणसांना पाणी द्यायचं असतं. ती तांब्या घेऊन बाहेर आली. आधी लहानूला दिलं, मग माझ्यासमोर धरला, डाव्या हातानं.

"उजव्यात धरवत नाय, बाय," ती म्हणाली. "राग नको मानू."